अर्धे बॉनेट

रविवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी साडूची काळी गाडी पॉलिशवाल्याच्या अंगणात उभी होती आणि पॉलिशवाला तिच्या टपावर पाइपने पाणी सोडत होता. पाणी काचेवरून, बॉनेटवरून ओघळून फरशीच्या उताराने गटाराच्या जाळीकडे जात होते. भिंतीकडेला दोन बादल्या होत्या, एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत नुसते पाणी. ओट्यावर नव्या, मऊ, धुऊन वाळवलेल्या फडक्यांची चळत होती. तिच्यापासून हातभर लांब एकच फडके वेगळे ठेवले होते. ते दुकानातले होते, तांबूस पडलेले, कडांना पापडासारखे कडक झालेले. काल संध्याकाळी दुकान बंद करताना त्याने ते मुद्दाम खिशात घालून घरी आणले होते.

ही गाडी कशी खराब करायची हे त्याला पक्के माहीत होते. आणि तीही अशी, की करणाऱ्यावर कोणी बोट ठेवणार नाही. उलट बिचाऱ्याने सुट्टीचा दिवस घालवून मेहनत घेतली, असेच चार लोक म्हणतील. हे शिक्षण त्याला आयते मिळाले नव्हते. स्वतःच्या गाडीची वाट लावून त्याने ते मिळवले होते आणि आज ते कामाला येणार होते.

पॉलिशवाला म्हणजे लाकडाला पॉलिश करणारा. कपाटे, पलंग, जिन्याचे कठडे, वकिलांच्या खुर्च्या. लाकडाच्या वखारीमागच्या गल्लीत त्याची पत्र्याची शेड आहे, तिलाच तो दुकान म्हणतो. मिसरूड फुटायच्या आधी या धंद्यात शिरला, आता पन्नाशी उलटून गेली. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, फडक्यात कापूस भरून केलेल्या पुरचुंडीने ती लाकडावर गोल गोल चढवायची, उन्हात सुकवायची, पॉलिश पेपर मारायचा, पुन्हा चढवायची. थरावर थर, थरावर थर. या लाखेचा रंग हातावर बसतो तो बसतोच. नखांच्या कडा, बोटांची पेरे, तळहाताच्या रेघा, सगळे कायमचे तांबूस. चार माणसांत जायचे असले की तो आधी स्पिरिटने हात घासतो. रंग जात नाही, कातडी तेवढी फाटते.

पुढच्या सगळ्या प्रकरणाला हे हातच कारण झाले.

दोन वर्षांपूर्वी मॅनेजरने ही काळी गाडी घेतली. मॅनेजर म्हणजे पॉलिशवाल्याचा साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. फरशांच्या कंपनीत तो खरोखरच मॅनेजर आहे, पण नातेवाइकांतही त्याला मॅनेजरच म्हणतात, कारण जेवायला कोणी कुठे बसायचे आणि पंखा कितीवर ठेवायचा हेसुद्धा तोच ठरवतो. नवी गाडी बघायला त्याने सगळ्यांना आपल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये बोलावले होते. सासरे, दोघी बहिणी, मुले. सासूबाई तेवढ्या गुडघ्यांमुळे आल्या नव्हत्या. सगळे गाडीभोवती फिरले. सासऱ्यांनी टपावर थाप मारली, मेव्हणीने आरशात बघून केस सारखे केले, कोणीतरी पोराने काचेला नाक लावून आत पाहिले. पॉलिशवाल्याने बॉनेटवर तळहात ठेवला. त्याला ती सवयच आहे. गुळगुळीत काही दिसले की त्याचा हात आधी पोचतो आणि डोळे मागाहून.

"हां हां, साडूबुवा," मॅनेजर म्हणाला, "तुम्ही तेवढा हात लावू नका. तुमच्या हाताची लाख आमच्या गाडीला लागायची. निघत नाही म्हणतात ती."

सगळे हसले. सासरे हसले, मेव्हणी हसली. बायको तोंडावर हात धरून हसली, पण हसली. मॅनेजरने खिशातून रुमाल काढला आणि जिथे तळहात ठेवला होता तेवढी जागा पुसून घेतली. पॉलिशवालाही हसला. तो हात त्याने पँटच्या खिशात घातला आणि घरी येईपर्यंत बाहेर काढला नाही. वाळलेली लाख कशालाच लागत नाही, हे उत्तर त्याला सुचले, पण ते अंथरुणावर पडल्यावर.

त्या दिवसापासून त्याने डूख धरला. भांडण त्याला नको होते. भांडण झाले की दोघी बहिणी मध्ये पडतात, सासूबाई डोळ्यांना रुमाल लावतात, आणि ज्याचा पाणउतारा झाला त्यालाच सगळे "जाऊ द्या हो" म्हणतात. त्याला असे काहीतरी हवे होते, की मॅनेजरला ते सगळ्यांच्या देखत गिळावे लागेल आणि थुंकायला जागा सापडणार नाही.

गेल्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी आपली जुनी निळी गाडी विकायला काढली. पॉलिशवाला त्यांच्या दवाखान्याच्या दारांना पॉलिश करत होता. रंग विटून खडूसारखा झालेला. दुसरा कोणी असता तर त्याने आधी इंजिन पाहिले असते. याने दारावर बोट ओले करून घासले, खालचा निळा अजून जिवंत आहे एवढे बघितले आणि गाडी घेऊन टाकली. डोक्यात चित्र एकच होते. दर दुसऱ्या रविवारी दोन्ही जावई सासऱ्यांकडे जेवायला जमतात आणि दोन्ही गाड्या दारात शेजारी शेजारी लागतात. निळ्या गाडीत मॅनेजरला आपले तोंड लख्ख दिसले पाहिजे, आणि मान वळवून काळीत बघितले तर दिसता कामा नये.

वॅक्सचा डबा आणला. डब्यावर बारीक अक्षरांत बरेच काही लिहिले होते. चष्मा आत राहिला होता.

"आणून देऊ का?" बायकोने विचारले.

"कशाला? इतकी वर्षं काय गोट्या खेळत होतो?"

आणि त्याने गाडी उन्हात लावली. तिथेच त्याने माती खाल्ली. लाखेच्या पॉलिशला ओल चालत नाही, सावलीत दमट हवा लागली की वर पांढरी झाक धरते. म्हणून जन्मभर तो ऊन बघून काम करत आलेला. पत्रा तव्यासारखा तापला होता. त्यावर त्याने वॅक्सचा जाड थर दिला, भिंतीला लांबी भरावी तसा, आणि थर सुकेपर्यंत जेवून घेऊ म्हणून आत गेला. जेवून आला तेव्हा वॅक्स पत्र्याला प्लास्टरसारखे धरले होते. घासून घासून खांदे भरून आले. तरी दारांच्या फटींत, दिव्यांच्या कडेला, काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर पांढरे राहिलेच. शेवटी त्याने धंद्यातले हत्यार काढले आणि फडक्यावर स्पिरिट ओतले. वॅक्स उतरले. मागच्या दारावर मात्र फडकेच निळे झाले. ते दार डॉक्टरीणबाईंनी कधीतरी ठोकून घेतले होते आणि स्वस्तात रंगवले होते, हे तेव्हा कळले. दारावर तळहाताएवढा फिका ढग उमटला.

त्या रविवारी सासऱ्यांच्या दारात मॅनेजर हात मागे बांधून निळ्या गाडीभोवती फिरला.

"काय साडूबुवा, गाडीला पावडर लावलीय का?"

पॉलिशवाला वाकून गाडीकडे बघू लागला.

"नाही, कानामागे राहिलीय म्हणून म्हटलं." त्याने प्लास्टिकच्या पट्टीवरचा पांढरा डाग दाखवला, बोट न टेकवता. मग मागच्या दाराशी थांबला. "आणि हे हो काय? पत्रा आहे हा. कपाट नाही."

सासूबाई तेव्हा स्वयंपाकघरात होत्या, त्यामुळे त्यांच्यासाठी ही गंमत त्याने जेवताना पुन्हा पहिल्यापासून सांगितली.

दुसऱ्या खेपेला पॉलिशवाल्याने सावली धरली आणि थरही पातळ दिला. पण गाडी धुतली नाही, नुसती झटकली. फडके घेतले दुकानातले, ज्यात पॉलिश पेपरची भुकटी मुरलेली. मध्येच ते हातातून निसटून फरशीवर पडले. त्याने उचलले, मांडीवर झटकले आणि काम पुढे चालू ठेवले. लाकडावर हे खपते, वरचा थर सगळे पोटात घालतो. हात गोल फिरत राहिला, जोर लावून, जसा इतकी वर्षे फिरला होता. संध्याकाळी गाडी झकास दिसली. बायकोनेही तसे म्हटले. दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर रांगेत उभा असताना ऊन तिरके पडले आणि बॉनेटभर कोळ्याचे जाळे उगवले. बारीक गोल चरे, एकात एक गुंतलेले. ते कोणी काढले हे ओळखायला त्याला वेळ लागला नाही. वळण त्याच्याच हाताचे होते.

"बाबा, गाडीवर कोळी पाळलेत का?" मुलगी म्हणाली. मुलगी कॉलेजात जाते. जिभेने ती आजीवर गेली आहे.

मॅनेजरला ते जाळे दिसायच्या आत पॉलिशवाल्याने एक रविवार पोट बिघडल्याचे सांगून टाळला. मग भंगारवाल्याकडून कुठल्यातरी अपघातातल्या गाडीचे दार आणले. काळेच, मुद्दाम निवडून. शेडमध्ये दोन स्टुलांवर ते आडवे टाकले. नवा रंग आधी फळीवर करून बघतात, तसे. आता चष्मा लावून डबा वाचला. आणि हाताला काम नसेल तेव्हा तो त्या दारावर बसून चुका करू लागला. ठरवून. दार उन्हात तापवून, थर जाड देऊन, धूळ पेरून, वेळेआधी पुसून, वेळेनंतर पुसून. कोणती चूक लगेच दिसते, कोणती चार दिवसांनी उठते, कोणती घरातल्या दिव्यात लपते आणि उन्हात उघडी पडते, हे त्याने एकेक करून पाहून घेतले. "हा घ्या मॅनेजर," असे पुटपुटत तो फडके दाबायचा. शेजारच्या सुताराने एकदा विचारले, "दाराशी कोण बोलतंय?" पॉलिशवाला म्हणाला, "साडू आहेत." सुताराने पुढे विचारले नाही.

त्या दाराने त्याचा हात बदलला. पत्र्यावरची धूळ हाच पॉलिश पेपर असतो, ती आधी पाण्याने गेली पाहिजे. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. जुने चरे आधी रबिंगच्या पेस्टने, म्हणजे बारीक कणांच्या लेपाने, घासून बसवायचे, हलक्या हाताने, सरळ रेघेत. मग वॅक्स, आरशावर फुंकर मारल्यावर जेवढी वाफ धरते तेवढेच. बोट ओढून बघायचे. रेघ स्वच्छ उमटली की नव्या फडक्याने उचलायचे. खाली पडलेले फडके मेले असे समजायचे. सगळ्यात जड गेले ते जोर न लावणे. पण ज्याच्या मनात राग असतो त्याला धीर धरता येतो, हे त्याला तिथे कळले. घाई असते ती गंमत म्हणून करणाऱ्याला.

पुढे एका रविवारी निळी गाडी सासऱ्यांच्या दारात लागली तेव्हा त्यांनी बॉनेटकडे हात नेला आणि मध्येच थांबवला.

"लावू का हात, जावईबापू?"

"लावा की. विचारायचं काय त्यात?"

मॅनेजर बाजूलाच उभा होता. निळ्या बॉनेटमध्ये त्याचे तोंड, सदऱ्याची बटणे, मागची गॅलरी, सगळे स्पष्ट दिसत होते. शेजारची काळी गाडी दोन वर्षांत राखेसारखी झाली होती. त्या दिवशी त्याने गाड्यांचा विषय काढला नाही. पॉलिशवाल्याला जेवण गोड लागले, पण पोट भरले नाही. गप्प बसणे म्हणजे काही गिळणे नव्हे.

आणि गेल्या आठवड्यात मॅनेजरचा फोन आला. कंपनीचे सगळ्यात वरचे साहेब सोमवारी येत होते, त्यांना विमानतळावरून आणायचे काम मॅनेजरने स्वतःकडे मागून घेतले होते, स्वतःच्या गाडीतून.

"साडूबुवा, आमच्या गाडीवरून जरा फडकं फिरवा की. गॅरेजवाले दोन दिवस ठेवून घेतात आणि वर टेचात बोलतात."

"शनिवारी रात्री आणून लावा," पॉलिशवाला म्हणाला. "आणि रविवारी जेवायलाच या सगळे. सासूबाईंनाही तेवढीच एका रविवारची सुट्टी."

तो इतक्या चटकन हो म्हणाला की बायकोने निवडत असलेले तांदूळ खाली ठेवले आणि त्याच्याकडे पाहिले.

आता ती दारात येऊन उभी होती. गाडीवरचा फेस उतरला होता, पॉलिशवाला टप पुसत होता.

"नीट करा हं," ती म्हणाली. "काही झालं तर ताई मला बोलेल."

"काय होणार आहे?"

"मला काय माहीत? पण तुमचं तोंड बरं दिसत नाहीये."

"तू हसली होतीस," तो म्हणाला.

"कधी?"

"पार्किंगमध्ये."

बायकोने ओल्या फरशीकडे पाहिले. "सगळे हसले म्हणून हसले," ती म्हणाली. "चहा पाठवते." आणि आत गेली.

चहा घेऊन मुलगी आली. कप ओट्यावर ठेवताना तिची नजर त्या वेगळ्या ठेवलेल्या फडक्यावर पडली. तिने ते दोन बोटांनी उचलून पाहिले. निळ्या गाडीवरचे जाळे कशाने उठले होते, हे तिला ठाऊक होते.

"बाबा, हे दुकानातलं इथं कसं?"

"असू दे."

"काकांच्या गाडीवर फिरवणार?"

त्याने हातातले ओले फडके पिळले. पेला उचलावा तसा कप उचलून चहा एका दमात प्यायला.

"फिरवा," मुलगी म्हणाली. "मग काका काय म्हणतील माहितीय? मी तेव्हाच म्हटलं नव्हतं, यांचा हात लावू देऊ नका म्हणून? आणि आजी समोर नसेल तर ती आल्यावर परत म्हणतील."

ती रिकामा कप घेऊन आत गेली. फडके तिने तिथेच ठेवले.

पॉलिशवाल्याने ते घेतले आणि बॉनेटपाशी गेला. सवयीने दुसऱ्या हाताने मोबाइलचा टॉर्च लावून पत्र्यावर तिरका धरला. काम सुरू करण्याआधी असे बघायची शिस्त त्याने भंगारातल्या दारावर लावून घेतली होती. उजेड पडला तसे बॉनेट उघडे पडले. कडेपासून कडेपर्यंत चरे, चऱ्यांवर चरे. मॅनेजरच्या इमारतीत गाड्या पुसायला एक माणूस येतो. तो एकाच फडक्याने, एकाच बादलीत, सगळ्या गाड्यांची धूळ एकीकडून दुसरीकडे नेतो. दोन वर्षे रोज सकाळी. पॉलिशवाला दिवसभर खपला असता तरी या माणसाच्या जवळपास पोचला नसता. चरे पाडायला बोटभर जागा शिल्लक नव्हती. उन्हात थर भाजला असता तर तो गॅरेजमध्ये निघाला असता. स्पिरिटने गाडीचा मूळ, कारखान्यातला रंग निघत नाही. आणि काहीही केले तरी मुलगी म्हणाली तेच. मॅनेजरचे ते वाक्य त्याने स्वतःच्या हाताने खरे करून दिले असते.

त्याने टॉर्च पुन्हा एकदा कडेपासून कडेपर्यंत फिरवला. या गाडीवर खराबी दिसणारच नव्हती. दिसली तर एकच गोष्ट दिसली असती.

त्याने दुकानातले फडके कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि आतून मास्किंग टेप आणली. बॉनेटच्या बरोबर मधून, काचेपासून खाली गाडीच्या कंपनीच्या खुणेपर्यंत, त्याने टेप ओढली. एकदा वाकडी गेली म्हणून काढून पुन्हा लावली. कपाटाचे मोठे काम घ्यायचे तर धंद्यात आधी एका फळीचा अर्धा भाग करून दाखवतात, अर्धा तसाच ठेवतात. त्याला नमुना म्हणतात. नमुना करताना पॉलिशवाला कधी चुकारपणा करत नाही, कारण पुढचे बोलणे सगळे त्याच्यावर असते. आज तर त्याने जीव ओतला. डाव्या अर्ध्या भागावर रबिंग केले, हलक्या हाताने, सरळ रेघेत, पुसले, टॉर्च धरला, पुन्हा केले. मग वॅक्स, फुंकरीएवढे. बोट ओढले, थांबला, बोट ओढले, उचलले. राग एवढा होता की हात जरासुद्धा दाबला गेला नाही.

साडेआठला ऊन भिंतीवरून खाली उतरले आणि बॉनेटला टेकले. तेव्हा त्याने टेप काढली, डबा बंद केला, आणि स्पिरिट न लावता, साध्या साबणाने हात धुतले.

दहाच्या सुमारास भाड्याच्या गाडीतून मंडळी आली. पुढे मॅनेजर, मागोमाग मेव्हणी आणि सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या सावकाश उतरत होत्या. मॅनेजर फाटकातच थबकला. ऊन नेमके बॉनेटवर होते. डाव्या बाजूला काळे पाणी भरल्यासारखे दिसत होते, त्यात समोरच्या इमारतीचा जिना, विजेची तार आणि तारेवरचा पक्षी उलटा. मधे दोरी आखावी तशी सरळ रेघ. रेघेच्या उजवीकडे करडे जाळे.

"हे काय?" मॅनेजर म्हणाला.

"नमुना," पॉलिशवाला म्हणाला. "आमच्यात आधी अर्धं करून दाखवतात. गिऱ्हाईक हो म्हणालं की पुढचं."

"मी काय गिऱ्हाईक आहे?"

"नाही, पाहुणे. म्हणून धुऊन सगळी दिलीय."

मेव्हणीने उजव्या बाजूवर वाकून पाहिले. "अगंबाई, ही बाजू अशी कशानं झाली?"

"झाली नाही, ताई. होतीच. शेजारी चांगली आली म्हणून दिसतेय."

मॅनेजरने घड्याळ पाहिले, मग पुन्हा बॉनेट. "बाकीची का नाही केली? वेळ नाही मिळाला?"

"वेळ होता."

"मग?"

"हात लावू नका म्हणाला होतात."

"मी? कधी म्हणालो?"

पॉलिशवाल्याने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. तिथे बनवाबनवी नव्हती. मॅनेजरला खरोखरच आठवत नव्हते. दोन वर्षे, दोन डबे वॅक्स, भंगारातले दार, पोटदुखीचे खोटे, आणि ज्याच्यासाठी हे सगळे केले त्याच्या ध्यानीमनीही नाही. एवढ्या तयारीत पॉलिशवाल्याने एवढीच एक गोष्ट धरली नव्हती.

"गाडी घेतलीत त्या दिवशी," सासरे म्हणाले. ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. "तुमच्या पार्किंगमध्ये. यांच्या हाताची लाख लागेल म्हणालात आणि रुमालाने पुसून घेतलंत. मी हसलो होतो."

बायको दारात आली होती, ती आज हसली नाही.

"अहो, ते गमतीत," मॅनेजर म्हणाला. "एवढंसं धरून बसलात तुम्ही?"

"निघत नाही ती," पॉलिशवाला म्हणाला.

मॅनेजर गाडीला एक फेरी मारून आला. हात मागे बांधले नव्हते. डाव्या बाजूशी थांबला तेव्हा त्याला आपले तोंड दिसले असणार. उजव्या बाजूशी तो थांबला नाही.

"साहेब अकराला उतरतात उद्या," तो म्हणाला.

"हो, म्हणालात फोनवर."

"मग करून टाका की."

पॉलिशवाला ओट्याला टेकून उभा होता, तसाच उभा राहिला.

"बरं बाबा," मॅनेजर म्हणाला. "लावा हात."

"काय?"

"लावा हात म्हटलं. लावा हो, सगळ्या गाडीला लावा."

सासूबाई तेवढ्यात फाटकाशी पोचल्या. "काय म्हणाले?" त्यांनी विचारले. "मला ऐकू नाही आलं."

"काका म्हणाले, हात लावा," मुलगी म्हणाली, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. "आधी नको म्हणाले होते, आजी. थांब, पहिल्यापासून सांगते."

आणि तिने खरोखरच पहिल्यापासून सांगितले. रुमालासकट. मॅनेजर फाटकाची कडी बघत उभा होता.

"पण आज नाही व्हायचं," सगळे सांगून झाल्यावर पॉलिशवाला म्हणाला. "ऊन आलं. तापल्या पत्र्यावर लावत नाहीत. उद्या सकाळी सहाला आणा. आणि तुम्हीही थांबायचं. एवढी गाडी एकट्यानं वेळेत व्हायची नाही."

"मी थांबून काय करू?"

"रबिंग मी करतो, पुसायचं तुम्ही. जुने कपडे घालून या. त्या पेस्टीचं काळं नखांत जातं."

"निघतं ना?"

"निघतं. दोन दिवसांनी."

"अहो, साहेबांशी हात मिळवायचाय मला उद्या."

"मग खिशात ठेवा," पॉलिशवाला म्हणाला. "मी ठेवला होता."

जेवताना मॅनेजरने कोणी कुठे बसायचे हे ठरवले नाही. पंखा ज्या आकड्यावर होता त्याच आकड्यावर राहिला. दुपारी तीनला तो गाडी घेऊन निघाला, सासू-सासऱ्यांना मागे बसवून, रेघ डोळ्यांसमोर ठेवून, भर उन्हात सगळे शहर ओलांडत. पॉलिशवाला फाटकापर्यंत पोचवायला गेला आणि निघताना त्याने बॉनेटच्या डाव्या अर्ध्या भागावर तळहात ठेवला. सगळ्यांच्या देखत, चांगला पाच बोटे पसरून. कोणी रुमाल काढला नाही.

संध्याकाळी त्याने बादल्या धुतल्या, फडकी धुऊन दोरीवर टाकली, आणि एक जुने स्टूल माळ्यावरून काढून ओट्याशी ठेवले. चाकांच्या वरचा भाग पुसायला मॅनेजरला बसावे लागेल. उद्या सोमवार. दुकान दहाला उघडते. काळी गाडी सहाला यायची आहे, आणि अंगणात सावली साडेआठपर्यंत असते.